रंभेचे हात

पनवेलच्या मासळी बाजारात रंभाबाय कुठे बसते, हे कुणाला विचारावं लागत नाही. कान उघडे ठेवून आत शिरायचं. "अगो बाय, नुसता हात लावून काय बगतेस, घ्यायचा असंल तर बोल!" असं जिथून ऐकू येईल, तिथे जायचं. समोर पापलेट, कोळंबी, मांदेली, नशीब जोरावर असेल तर खाडीतला एखादा जिताडा. मागे थर्माकोलचे खोके आणि फोडलेला बर्फ. आणि मधोमध मासे कापायच्या मोरलीवर पाय देऊन बसलेली रंभाबाय. गिऱ्हाईक भाव करायला तोंड उघडतं, तोवर हिनं मासा कापून, धुवून पिशवीत भरलेला असतो. मग काय भाव करता? घ्या आणि चालू पडा.

माहेर करंज्याचं, सासर पनवेलच्या कोळीवाड्यातलं. नवरा काशीराम पूर्वी खाडीत जाळी लावायचा, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो. मुलगा एकच, प्रितम. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो आणि आज गुजरात तर उद्या नागपूर असा फिरत असतो. घर चाललं ते रंभाबायच्या हातांवर. हे हात कधी रिकामे दिसले नाहीत. मासे विकून झाले की कोळंबी सोलायची, ती झाली की ओटा घासायचा. हातावर हात ठेवून बसलेली बाई आणि पाण्याबाहेर काढलेला मासा, दोन्ही लवकर नासतात, असं ती म्हणायची.

या हातांचं कोळीवाड्यात आणखी एक नाव होतं. कुणाच्या लहान पोराला तापात आकडी आली, डोळे फिरवले, अंग ताठ झालं, की माणूस पळत यायचा तो थेट रंभाबायकडे. "आकडी मोडायला" रंभाबाय लागायची. सासूनं तिला शिकवलं होतं. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो दातांमध्ये सारायचा. कांदा फोडून नाकाशी धरायचा. डोक्यावर, तळव्यांवर बर्फ चोळायचा. पोरगं थोड्या वेळात सैल पडायचं, रडायचं, आणि त्याची आई रंभाबायच्या पायावर डोकं ठेवायची. असं किती वेळा झालं, हे तिनं मोजलं नाही, पण प्रत्येक पोराचं नाव तिला पाठ होतं. ही पोरं मोठी होऊन बाजारात आली की ती त्यांना ऐकवायची, "दात दाव बगू! तुजे दात मी उघडलेत रं, नायतर आज भाकर चावली असतीस का?"

सून आली ती उरणची, समीक्षा. बी. कॉम. झालेली, न्हावा शेव्याजवळ कंटेनरच्या एका कंपनीत कामाला. पोरगी गुणाची, पण तोंडानं कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलणारी. लग्नानंतर दोघांनी विचुंब्याला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. आर्यन झाला. रजा संपली. आता पोराला कोण सांभाळणार?

"कोन म्हंजे? मी हाय ना!" रंभाबाय म्हणाली. "प्रितम काय पाळण्यात वाढला? बाजारात वाढला."

समीक्षाला हे काही गोड वाटलं नसावं, पण घरातली माणसं असताना परक्याच्या दारात पोर का ठेवायचं, हेही तिला कळत होतं. तेव्हा सकाळी कामावर जाताना ती आर्यनला बाजारात सोडायची. ओट्यामागे गोधडी अंथरून रंभाबाय त्याला बसवायची. पोर बोलायला लागलं ते "आई" किंवा "बाबा" म्हणत नव्हे, तर "घ्या, घ्या" म्हणत. सगळा बाजार हसून लोळला. रंभाबायला तर आभाळ ठेंगणं झालं.

हे सगळं मोडलं ते एका दुपारी.

शिमग्याच्या आदलाच आठवडा होता. आर्यन दीड वर्षाचा. सकाळपासून त्याचं अंग किंचित कोमट लागत होतं. समीक्षानं तापाचं औषध पाजलं आणि म्हणाली, "आई, मी हाफ डे टाकते. दुपारी येते, मग डॉक्टरकडे जाऊ." बाजारात गर्दी होती. रंभाबाय सुरमई कापत होती. शेजारच्या ओट्यावरची हिराबाय एकदम किंचाळली, "रंभा, बग गो, पोराला आकडी आयली!"

रंभाबायनं मागे पाहिलं. आर्यनचे डोळे वर गेले होते. हातपाय झटके देत होते, ओठ काळेनिळे, तोंडातून फेस. अंगाला हात लावला तर तवा.

दुसऱ्यांच्या पोरांच्या वेळी ती कधी भ्याली नव्हती. आज भ्याली. आणि भ्यालेलं माणूस जे करतं तेच तिनं केलं, म्हणजे जे नेहमी करत होती ते दुप्पट केलं. कोळणीचा जन्म. जे तापतं ते नासतं, आणि नासू द्यायचं नसेल ते बर्फात घालायचं, एवढं तिला कळत होतं. ओट्यावरची पापलेटं तिनं हाताच्या एका फटक्यानं बाजूला सारली, आर्यनचे कपडे ओरबाडून काढले आणि उघड्या अंगानं त्याला बर्फावर आडवा केला. छातीवर बर्फ ओतला. चहाच्या चमच्याला फडकं गुंडाळून दातांत घुसवला. जवळ उभ्या असलेल्यांनी हातपाय दाबून धरले. थोड्याच वेळात झटके थांबले.

"सुटला, सुटला!" बाजार ओरडला.

"झाला. आता काय भ्यायचा नाय," रंभाबायनं घाम पुसला आणि वर पाहिलं. समोर समीक्षा उभी होती.

समीक्षाला काय दिसलं असेल, त्याचा विचार करा. बाजारभर माणसं गोळा झालेली. आपला उघडा लेक बर्फावर पडलेला, डोक्याशी पापलेटं, पायाशी कोळंबी. फाटलेल्या ओठातून रक्त येतंय, अंग कुडकुडतंय, आणि सासू कपाळाचा घाम पुसत म्हणतेय की झालं. त्या पोरीनं आर्यनला उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि चालू लागली. रंभाबाय तशीच, माशाच्या हातांनी, तिच्यामागून धावली.

मुलांचे डॉक्टर सत्यजीत तरुणच होते. त्यांनी आर्यनला तपासलं, पाठीवर बर्फानं उठलेले लाल चट्टे पाहिले, ओठाला औषध लावलं, पुढचा हललेला इवलासा दात बोटानं चाचपला. मग समीक्षाला म्हणाले, "ही तापातली आकडी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना येते. दिसायला फार भयंकर. पण साधारणपणे मेंदूला काही होत नाही, आणि हे फेफरंही नाही. पुन्हा ताप आला तर पुन्हा येऊ शकते, एवढं लक्षात ठेवा."

"हे मला नका सांगू," समीक्षा म्हणाली. "यांना सांगा."

डॉक्टर रंभाबायकडे वळले. "आजी, बर्फ कशाला?"

"अंग तापला होता."

"बर्फानं वरची कातडी गारठते. पोर कुडकुडतं, आणि कुडकुडलं की आतला ताप आणखी चढतो. आणि तो चमचा?"

"दातखीळ बसली होती ना. जीभ आत गेली तर?"

"जीभ कुणी गिळत नाही. पण दात तुटून घशात अडकला असता तर मी इथे काही करू शकलो नसतो."

रंभाबाय हट्टानं म्हणाली, "मगे करायचा काय?"

"कुशीवर निजवायचं. लागेल असं काही आजूबाजूला असेल तर लांब करायचं. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं, आणि घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, औषध नाही, कांदा नाही, चप्पल नाही. हातपाय दाबायचे नाहीत. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. नाही थांबली तर मात्र क्षणभर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा उचलून जवळच्या हॉस्पिटलात न्यायचं. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं."

"आन तवर आमी काय करायचा?"

"हेच. जवळ बसायचं आणि बघत राहायचं."

"बगत राहायचा!" रंभाबाय उसळली. "डॉक्टर, तीस वर्षं झाली, मी कोळीवाड्यात आकडी मोडतेय. येक पोर दगावला नाय!"

"कारण ती आपली आपण थांबते, आजी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काही केलं नसतंत, तरी थांबलीच असती."

डॉक्टर रागानं बोलले असते तर फार बरं झालं असतं. भांडणात रंभाबायला हरवणारा पनवेलमध्ये अजून जन्मायचाय. पण ते मायेनं बोलले. तीस वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना समीक्षा म्हणाली, "आई, उद्यापासून आर्यन बाजारात येणार नाही."

प्रितम नागपूरहून आला तेव्हा रंभाबायनं त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. त्यानं ऐकून घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "आये, तिचा पन बरोबर हाय." लेकानं असं म्हटल्यावर आईनं कुणाकडे जायचं?

आर्यन विचुंब्यातल्याच आभाताईंच्या पाळणाघरात जायला लागला. रंभाबाय रविवारी मासळी घेऊन फ्लॅटवर जायची. समीक्षा कधी वाकडं बोलली नाही, खोटं कशाला बोला. हसायची, चहा करायची, सोबत बिस्किटं ठेवायची. पण आर्यन रंभाबायच्या मांडीवर असला की समीक्षा खोलीतून हलायची नाही. चहाला उकळी आली तरी "आर्यन, चल, आपण चहा बघू" म्हणून त्याला कडेवर घेऊनच आत जायची. रंभाबायला हे पहिल्याच रविवारी कळलं. चोराला घरात घेतलं तर माणूस असं वागतं, असं तिच्या मनात आलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. हे सांभाळून घेणं सहन होत नव्हतं.

याच दिवसांत कोळीवाड्यात एकाच्या मुलीला, रियाला, तापात आकडी आली. माणूस नेहमीसारखा धावत आला. रंभाबाय ओटीवर बसूनच म्हणाली, "कुशीवर निजवा, तोंडात काय घालू नका, आन डॉक्टरकडं न्या. मी नाय येत." लोकांना हे फार लागलं. रंभा मोठी झाली, लेकानं फ्लॅट घेतला तशी हवा डोक्यात गेली, असं आळीभर झालं. तिनं कुणाला खुलासा दिला नाही. काय देणार? इतकी वर्षं मी काहीच करत नव्हते, असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं? डॉक्टरांचं म्हणणं तिच्या मनाला पटलं होतं, हातांना पटलं नव्हतं. पोर तडफडतंय आणि आपण नुसतं बघायचं, हे काय माणसाचं काम? काशीरामला ती एकदा म्हणालीसुद्धा, "मना नाय जमायचा त्ये. सून करते त्ये बराच करते."

नारळी पौर्णिमा होऊन गेली. बोटी समुद्रात सुटल्या होत्या, बाजार पुन्हा भरला होता. सकाळी रंभाबाय कोळंबीच्या ढिगापुढे बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. समीक्षाचा. कामाच्या दिवशी समीक्षा कधी फोन करत नसे.

"आई, आर्यनला ताप आलाय. पाळणाघरातून फोन आला, ताप असला की ते ठेवत नाहीत. मी निघालेय, पण इथे ट्रेलर आडवा झालाय, रस्ता पूर्ण जाम आहे. प्रितम तर सुरतला." पलीकडे नुसते भोंगे ऐकू येत होते. मग आवाज जरा खाली आला. "तुम्ही जाल?"

"निगाली मी."

"थेट डॉक्टरांकडे न्या. आणि आई..." पुढचं बोलायची गरज नव्हती.

"नाय करत काय," रंभाबाय म्हणाली आणि ओटा तसाच हिराबायच्या भरवशावर टाकून उठली.

नाक्यावर कोळीवाड्यातलाच बळीराम रिक्षा घेऊन उभा होता. त्यानं तिला विचुंब्याला नेलं. आभाताईंनी आर्यनला तिच्या हातात दिलं. औषधाचा डोस दिलाय, पण अंग उतरत नाही, असं सांगितलं. कितीतरी महिन्यांनी पोर कुणाच्या पहाऱ्याशिवाय तिच्या कुशीत आलं होतं. ते तिच्या खांद्यावर मान टाकून निपचित पडलं. रंभाबायला वाटलं, आई एकवीरे, एवढी दहा मिनिटं नीट जाऊ दे, मग माझं काय ते कर.

रिक्षा नवीन पनवेलचा चौक ओलांडून पुलाकडे वळली आणि तिच्या छातीशी असलेलं ते अंग एकदम ताठ झालं.

"बळीराम, थांबव!"

बळीरामनं मागे पाहिलं आणि त्याची गाळण उडाली. "आकडी! रंभाबाय, धरा घट्ट, मी उडवतो गाडी!"

"थांबव बोलले ना! हिंदकळतोय त्यो. थांबव!"

एका बंद दुकानाच्या ओसरीवर तिनं खांद्यावरचं फडकं अंथरलं आणि आर्यनला डाव्या कुशीवर निजवलं. झबल्याचं वरचं बटण काढलं. डोक्याशी कुणाची तरी कुंडी होती, ती पायानं लोटून दिली. झटके सुरू झाले होते. डोळे वर गेलेले, ओठ निळे पडत चाललेले, फेस गालावरून फडक्यावर ओघळत होता. तिनं तो ओघळू दिला.

"बळीराम, फोनात घड्याल लाव. पाच मिनटं झाली की मना सांग, लगेच उचलायचा."

"घड्याल काय लावू?" बळीराम रडायच्या बेतात आला होता. "माज्या पोरीची आकडी तुमीच मोडली व्हती! इसरलात काय? दात उघडा त्याचे! चावी देऊ का रिक्षाची?"

"चावी घाल तुज्या खिशात. घड्याल लाव."

आता लोक जमले. रस्त्यावर माणूस मरत असेल तर कुणी थांबत नाही, पण सल्ला द्यायचा असेल तर अख्खं पनवेल थांबतं. एकजण पायातली चप्पल काढून पुढे सरसावला, "हुंगवा, हुंगवा, लगेच उतरेल." वडापावच्या गाडीवरची बाई अर्धा कांदा घेऊन आली. कुणी पाण्याची बाटली उघडली. कुणी म्हणालं, हात धरा, पाय धरा. एक शहाणा मोबाईल वर धरून उभा राहिला.

रंभाबायचे हात शिवशिवत होते. ही साधी गोष्ट नाही. तीस वर्षं जे हात अशा वेळी आपोआप पुढे गेले, ते आत्ताही जात होते. उजवा हात खरंच आर्यनच्या जबड्यापर्यंत पोचला, तेव्हा तिलाच धस्स झालं. तिनं दोन्ही हात मागे घेतले आणि आपल्याच मांड्यांखाली दाबून त्यावर बसली. पोरापासून वीतभर अंतरावर, तोंडाशी तोंड आणून. आणि मग हातांचं सगळं काम तिनं तोंडाला दिलं.

"ए चप्पलवाल्या, मागं हो! तुज्या पायाचा वास घ्यायला नाय निजवला त्याला! बाय, कांदा वड्यात घाल तुज्या. आन तू, पानी ओतलास ना, तर तीच बाटली तुज्या घशात घालीन! त्याला वारा लागू द्या. जल्ला, काय तमाशा हाय का? फोन खाली कर रं, फोन खाली कर!"

लोक मागे हटले. बाजारात कमावलेला आवाज होता तो. पण मागे हटून गप्प बसतील तर ते लोक कसले. "कसली आजी हाय ही," कुणीतरी म्हणालं, "पोर तडफडतंय आणि बघत बसलीय." बळीरामही बघत होता, आणि त्याच्या नजरेत तेच होतं.

कमरेच्या पिशवीत फोन वाजू लागला. समीक्षाच असणार. रंभाबायनं उचलला नाही. हात मांड्यांखालून काढले तर ते कुठे जातील, याचा तिला भरवसा नव्हता.

"किती झाला?"

"दोन... दोन व्हऊन गेली."

तिनं काय केलं असेल? आर्यनशी बोलत राहिली. "हाय मी. हितंच हाय. जाऊ दे, जाऊ दे, जाईल ती." त्याला ऐकू येत नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती स्वतःलाच सांगत होती. जर नाही थांबली तर? डॉक्टर चुकले असतील तर? तीस वर्षं आपलंच खरं असेल आणि आज, नेमकं आज, आपल्या पोराच्या वेळी आपण हात बांधून बसलो असलो तर? तरी ती उठली नाही.

"तीन झाली, रंभाबाय."

झटके थोडे विरळ झाले. मग एक लांबलचक, घरघरता श्वास आला. मग हात सैल पडला. मग दुसरा. ओठांचा निळा रंग हळूहळू फिटला आणि आर्यन डोळे मिटून कण्हायला लागला. गर्दीतून कुणी "सुटला" म्हणून ओरडलं नाही. कुणी काही केलंच नव्हतं, तर ओरडायचं कशाला? पाहणाऱ्यांना बहुधा चुकल्यासारखं वाटलं आणि ते पांगले. वडापाववाली तेवढी मागे राहिली, तिनं रिक्षात बसताना रंभाबायची पिशवी धरली.

डॉक्टर सत्यजीतांनी आर्यनला तपासलं. घसा सुजला होता, ताप त्याचाच होता. किती वेळ चाललं, असं त्यांनी विचारलं. बळीरामनं फोन पुढे केला. कोणत्या कुशीवर होता, झटके दोन्ही बाजूंना होते का एकाच, डोळे कुठे होते, हे सगळं त्यांनी विचारलं आणि रंभाबायनं सगळं सांगितलं. हात लावायचा नव्हता, तर डोळे दुसरं काय करणार होते? डॉक्टरांनी लिहून घेतलं, काळजीसारखं काही नाही म्हणाले, आणि तासभर इथेच थांबा असं सांगून दुसऱ्या पोराकडे गेले.

समीक्षा आली ती ऑफिसातल्या कुणाच्या तरी स्कूटरवर बसून. केस विस्कटलेले, एका पायातली चप्पल तुटलेली. पलंगावर आर्यन झोपला होता, शेजारी स्टुलावर रंभाबाय. समीक्षानं सासूकडे पाहिलंही नाही. तिनं आधी पोराचं झबलं वर केलं आणि पाठीवरून तळहात फिरवला. मग ओठ पाहिले. अंगठ्यानं खालचा ओठ किंचित उघडून दात पाहिले.

रंभाबाय हे सगळं बघत होती. मनात तिनं म्हटलं, बघ बाय, नीट बघ. तुझ्या जागी मी असते तर मीपण आधी हेच बघितलं असतं.

पाठ कोरडी होती. ओठ धड होते. समीक्षा पलंगाच्या कडेवर मटकन बसली.

"फोन का नाही उचललात? मला वाटलं..." तिनं आर्यनचं झबलं पुन्हा खाली ओढलं. मग विचारलं, "काय केलंत तुम्ही?"

"काय नाय केला," रंभाबाय म्हणाली. "कुशीवर निजवला. आन बसली."

एवढं बोलली आणि बांध फुटला. भर बाजारात कुणाला न भिणारी बाई, पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडायला लागली. हात थरथरत होते, मघापासून थरथरत होते, ते आता कुणी बघतंय याची तिला फिकीर नव्हती. समीक्षानं पहिल्यांदाच ते हात पाहिले. ती उठून जवळ आली, पण काय करावं हे तिला कळेना. अशी सासू तिनं कधी पाहिली नव्हती. शेवटी तिनं नुसतं पाण्याचं भांडं पुढे केलं.

बऱ्याच वेळानं आर्यननं डोळे उघडले. आईला पाहिलं, आजीला पाहिलं, किरकिरला. रंभाबायनं मांडीवर घेतलं तसा पुन्हा झोपला. समीक्षानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग आर्यनकडेच बघत म्हणाली, "ताप उतरेपर्यंत पाळणाघरात घेणार नाहीत. मला उद्या जावंच लागेल, ऑडिट आहे. तुम्ही घरी थांबाल त्याच्याजवळ?"

हेच ऐकायला रंभाबाय शिमग्यापासून झुरत होती. दुसरी वेळ असती तर "कोन म्हंजे, मी हाय ना" म्हणून तिनं छाती ठोकली असती. आज तिनं आधी आर्यनच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"थांबन," ती म्हणाली. "पन एक दिस तू बी थांब, समीक्षा. मना एकटीला भ्या वाटता."

समीक्षानं मान वर केली. सासूच्या तोंडून तिनं हा शब्द कधी ऐकला नव्हता, कोळीवाड्यातही कुणी ऐकला नसेल.

"मलाही वाटते, आई," ती म्हणाली. "मला तर रोज वाटते."

तिनं फोन काढून ऑफिसात कळवलं की उद्या येत नाही. मग आर्यनला पाजायचं औषध आणायला खाली मेडिकलमध्ये जायचं होतं. ती उठली, पर्स घेतली, दारापर्यंत गेली. सवयीनं मागे वळली. आर्यन रंभाबायच्या मांडीवर होता. समीक्षानं दोघांकडे पाहिलं, "आलेच" म्हणाली आणि एकटीच खाली गेली.